विचारणारा माणूस

सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसले होते आणि अनिलनं माझ्या पुढ्यातल्या सुपात मोबाइल ठेवला. सुपात! सोड्यांवर! "तीन कंपन्या आहेत," म्हणाला, "वाचून काढ आणि एक निवड. तुझं इंग्रजी चांगलंय." मला वाटलं, नव्या पोकलेनचं काही असेल, कर्जाचं नाहीतर सुट्या भागांचं. चष्मा खाली ओढून पाहते तर पडद्यावर बर्फ, बर्फात गुडघे टेकून हसणारा एक गोरा माणूस, आणि त्याच्या मांडीला टेकवलेलं मेंढ्याचं डोकं. शिंगं एवढी थोरली की गालांखालून वळसा घेऊन पुन्हा बाहेर निघालेली. डोळे उघडे. कुणीतरी त्याच्या तोंडावरचं रक्त पुसून घेतलं असणार, फोटोसाठी. माझ्या बोटांना सोड्यांचा वास होता, म्हणून मी मोबाइलला हात लावला नाही. "हे काय?" म्हटलं. "रानमेंढा," तो म्हणाला. "सेजलच्या तिकडे मिळतो. परवाना घेऊन, सगळं कायदेशीर. दसऱ्यानंतर जायचं म्हणतोय." आणि चहा न घेता निघून गेला. बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज आला, आणि मी पुन्हा सोडे निवडायला लागले. बराच वेळ चांगले कुठले नि टाकायचे कुठले हेच समजेना.

नवऱ्याला मी मनात अनिल म्हणते आणि तोंडावर अहो. मनातल्या अनिलशी मी कडाकडा भांडते, तोंडावरच्याशी जपून बोलते, कारण त्याच्या छातीत दोन स्टेंट आहेत. मागच्या आधीच्या पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड उपसायचं काम चालू होतं. कशेडी असो नाहीतर आंबेनळी, रस्त्यावर डोंगर खाली आला की आमच्याच मशीन जातात. भर पावसात हा माणूस स्वतः रस्त्यावर उभा, ऑपरेटरला हातवारे करत. कळ आली ती त्यानं दुपारपर्यंत कुणाला सांगितली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, इतका वेळ काय करत होते? मी काय सांगणार? रस्ता मोकळा करत होते, म्हटलं. त्या माणसाला आता बर्फाच्या डोंगरावर मेंढ्यामागे जायचंय. आमच्या महाडात डोळे मिटून छातीवर हात ठेवून झोपायचं वय हे. लेकीचं, सेजलचं, शिक्षण संपत आलंय तिकडे किर्गिझस्तानात, बिश्केकला, तिला भेटून यावं, चार फोटो काढावेत, सुका मेवा आणावा. पण नाही. खाज कुठली, नि खाजवतो कुठे! असं मी भिंतीशी बोलले. भिंतीशी बोलायची मला सवय आहे, शाळेत आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते मी, तिथेही फार वेगळं नसतं.

पण राग उतरल्यावर खाली जे उरलं ते वेगळंच होतं. निवड म्हणाला. मला. पोकलेन घेताना त्यानं मला विचारलं नव्हतं, घर बांधताना नाही, सेजलला परदेशी धाडतानाही आधी ठरवलं आणि मग सांगितलं. हॉटेलात जेवायला गेलो तर माझ्यासाठी सुरमई तोच मागवतो. मग हेच मी का निवडायचं? इंग्रजी त्याला येतं, कामापुरतं भरपूर येतं. मी नको म्हणावं म्हणून? की मी निवडलं म्हणजे माझीही त्यात मान्यता, म्हणजे काही झालं तर... पुढचा विचार मी सुपासारखा झटकला. तो कोंड्यासारखा उडाला नाही, परत येऊन बसला.

सासरची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. नवी नवरी म्हणून गेले तेव्हा रस्ता अर्ध्यातच संपायचा आणि उरलेलं चालत. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, मला त्या अंधाराचंच भय वाटायचं. माझे सासरे रावजी वाडीचे शिकारी. ठासणीची बंदूक, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. रानडुकराला मारायला कायद्यानं बंदी होती हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कापणीला आलेलं भात एका रात्रीत लोळवून टाकलेलं दिसलं की कायदा खाली पोलादपुरातच राहायचा. पुरुष एका अंगानं ओरडत रान हाकायचे, सासरे दुसऱ्या अंगाला बंदूक घेऊन बसायचे. मग वाटे. मारणाऱ्याला मुंडी, आणि ती त्यानं शिजवून सगळ्यांना खिलवायची. हाक्याला आलेल्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्याला वाटा, विधवेच्या घरी न मागता वाटा. सेजल पोटात होती तेव्हा सासरे स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. एरवी ते माझ्याकडे मान वर करून पाहायचे नाहीत. सागाच्या पानातले दोन वाटे खाली ठेवले आणि म्हणाले, "ह्यो तुझा, न ह्यो पोटातल्याचा." मी त्या दिवशी त्या घरची झाले, हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. मेलेलं जनावर होतं, रक्तानं पान चिकट झालेलं, आणि मला रडू आलं होतं सुखानं.

आणि दुसरी एक रीत. जाणाऱ्याला कुठे म्हणून विचारू नये, एवढं आम्ही महाडवाले पण पाळतो. चुकून विचारलंच तर तोंड वाकडं करून, घोटभर पाणी पिऊन माणूस निघतो. वाडीत एवढ्यावर भागत नाही. शिकारीला निघालेल्याला कुणी 'कुठं' विचारलं की त्या दिवसाची शिकार मोडली. बंदूक परत खुंटीला. हाक्याला जमलेली माणसं आपापल्या गोठ्याकडे. निघालेल्यानं उत्तर द्यायचं नाही, चिडायचं नाही, गुपचूप वळायचं. त्याला कुणी बोल लावत नाही. सगळ्या शिव्या विचारणाऱ्याला. अनिल कॉलेजात होता तेव्हा सासरे त्याला पहिल्यांदा बंदुकीच्या जागेवर बसवणार होते. पहाटे दोघं निघाले आणि उंबऱ्यात त्याच्या आईनं, तुळसाबाईंनी, विचारलं, "कुठं चाललाव?" संपलं. सासऱ्यांनी त्या दिवशी बंदूक टांगली, आणि पुन्हा लेकाला कधी बरोबर घेतलं नाही. पुढे निवडणूक आली तेव्हा सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या, मग सासरे गेले, बंदूक परत आणायला कुणी गेलं नाही. खंडेनवमीला अजून वाडीतल्या घरी त्या रिकाम्या खुंट्यांना हळदकुंकू वाहतात. ही गोष्ट अनिल चारचौघांत हसून सांगतो. "आमची आई म्हणजे!" म्हणतो, "नेमकी त्याच दिवशी विसरली." सगळे हसतात. मी त्याच्या हसण्याकडे इतकी वर्षं पाहत आले आणि मला वाटायचं, तो हसतोय.

तर मी वाचायला बसले. पहिली कंपनी दिल्लीच्या दलालाची. मेंढा मिळणारच, हमी. दुसरी कुठल्याशा युरोपातल्या साहेबांची, तिच्या पानावर नुसती शिंगं, शिंगांची मापं, मापं मोजणारे हात. तिसरीला पानच नव्हतं. तो सेजलच्या घरमालकिणीचा भाऊ, बाकित नावाचा, घोडे बाळगतो आणि वर्षाकाठी मोजकी माणसं डोंगरात नेतो. सेजलनं त्याचा नंबर नुसता खाली लिहून पाठवला होता. मी पहिल्या दोघांना दोनच प्रश्न लिहिले, शाळेतल्या इंग्रजीत, स्वच्छ. जनावर मिळालं नाही तर काय? आणि चढताना माणसाला दम लागला तर काय? दिल्लीवाल्यानं फोनच केला. "मॅडम, टेन्शन मत लीजिए," म्हणाला, "गाडी जवळपर्यंत जाते, सरांना फक्त बोट दाबायचंय, बाकी आमची माणसं बघतात." म्हणजे मारणार पण तेच, आणि डोकं आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. मी धूळ पुसणार त्याच्या डोळ्यांवरची. साहेबांचं उत्तर सभ्य होतं. सोबत एक कागद, त्यावर सही करायची, की जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. दोघांनीही खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तरी दुपारचा डबा मी तसाच झाकून ठेवला. वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, बरं नाही का?" मी तिला उगीचच ओरडले.

गौरीला आम्ही वर वाडीत जातोच. मुंबईहून सगळे येतात, घर भरतं, अनिल दिरांबरोबर अंगणात मोठमोठ्यानं बोलत होता आणि मी मागच्या अंगाला गोठ्याशी जाऊन बसले. सासूबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. पाठीत पार वाकल्या आहेत, पण शेळीची मान धरली तर शेळी हलत नाही. मी सांगितलं त्यांना सगळं, मेंढा, बर्फ, छाती. सांगायचं नव्हतं, पण कुणाला सांगणार? त्या पाला टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेला सांगू नको, पन मी इसरले नव्हते गो." मला कळेना. "त्या दिशी. इसरायला काय झालंय? मी या घरात आले तवापासून कंदी इसरले? पोराचा हात कापत व्हता. पिशवीचा बंद धरल्याला हात. बाप पुढं चाललेला, तेला मागचं दिसत नाय. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत व्हतं. मी नाय इचारनार तर कोन इचारनार?" मी म्हटलं, "मग त्यांना सांगितलंत का नाही कधी? ते अजून तुम्हाला..." त्यांनी हात झटकला. "वाटू दे तेला आय येडी. आय येडी असली तर चालतं. बाप्या मानूस भित्रा असून चालत नाय." आणि शेळीला म्हणाल्या, "खा गो, बघतेस काय." अंगणातून अनिलच्या हसण्याचा आवाज येत होता.

परत येताना घाटात तो गाडी हळू चालवत होता, दरड काढलेल्या प्रत्येक जागेवर त्याची नजर जायची, आणि मी त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहत होते. हात कापतो तो भीतीनंच कापतो असं कुणी सांगितलं? शाळेत पहिल्या दिवशी खडू धरला तेव्हा माझाही हात कापत होता. कुणी मायेनं मला तेव्हा घरी नेलं असतं तर आज मी काय असते? सासूबाईंनी लेकाला वाचवलं, की त्याचं काहीतरी कायमचं काढून घेतलं? आणि हा माणूस इतकी वर्षं पडलेले डोंगर उपसत फिरला, जिथे कुणी जायला धजत नाही तिथे पुढे उभा राहिला, छातीत कळ येऊन गप्प राहिला, ते सगळं त्या एका पहाटेचं व्याज का? मला त्याची कीव आली, आणि लगेच स्वतःची चीड आली, कारण कीव आलेली त्याला चालली नसती. मी नको म्हणाले तर तो थांबला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. थांबला असता, आणि आणखी एक बाई त्याच्या उंबऱ्यात उभी राहिली असती. आणि हो म्हणाले, नि तिकडे बर्फात काही झालं, तर? पोलादपूर मागे पडलं, महाडचे दिवे दिसायला लागले तरी माझं काही ठरलं नव्हतं. "डोकं दुखतंय का?" त्यानं विचारलं. "हो," म्हटलं.

सेजलला मी शाळेतून फोन लावला, मधल्या सुट्टीत, नकाशे ठेवायच्या खोलीतून. तिनं बाकितला समोर बसवलं. पडद्यावर उन्हानं रापलेला, बारीक डोळ्यांचा माणूस, टोपी मांडीवर, समोर चहा. सेजल त्याला बाकित बाइके म्हणत होती, बाइके म्हणजे थोरला भाऊ. माझे दोन प्रश्न तिनं त्याला विचारले. जनावर मिळालं नाही तर? त्यानं खांदे उडवले. नाही मिळालं तर नाही मिळालं, परत यायचं. दम लागला तर? घोडा आहे. घोड्याच्या पुढे गेल्यावर? त्यानं का म्हणून विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं, स्टेंट, घाट, दुपारपर्यंत दाबून ठेवलेली कळ. सेजलचा आवाज भाषांतर करताना फाटत होता, तिला ही कळ दुपारपर्यंतची होती हे ठाऊक नव्हतं. बाकित म्हणाला, मी पाहीन, तब्येत उतरली की खाली आणीन. मी म्हटलं, तो येणार नाही. खाली चला म्हटलं तर तो दोन पावलं वर जाईल, ओळखते मी त्याला. मग तोंडातून निघूनच गेलं माझ्या. आमच्याकडे एक शब्द आहे म्हटलं, तो विचारला की शिकारी वळतो. त्याची लाज जात नाही. सेजलनं माझ्याकडे पाहिलं, "आई, हे कसं सांगू?" "सांग जसं आहे तसं." तिनं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, चहाची वाटी फिरवत, आणि एकच गोष्ट विचारली. मग लाज कुणाची जाते? विचारणाऱ्याची, मी म्हटलं. सगळ्या शिव्या त्याला. त्यानं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "ठीक आहे," सेजलनं सांगितलं, "म्हणतायत, मला शिकवा."

कुठं. ठ त्याला जमेना. कुत, म्हणायचा, कुट्ट म्हणायचा. सेजल हसता हसता डोळे पुसत होती आणि मी महाडच्या शाळेत, नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये उभी राहून एका परक्या माणसाला माझ्या नवऱ्याला अडवायचा शब्द शिकवत होते. घंटा झाली तरी शिकवत होते. दिल्लीवाला हा शब्द शिकला नसता. साहेबांनी त्याच्यासाठीही एक कागद पाठवला असता. त्या संध्याकाळी मी अनिलला सांगितलं, तिसरा. "त्याची तर वेबसाइट पण नाही," तो म्हणाला. "मी निवडलाय," म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी शोधल्यासारखं, आणि "बरं" म्हणाला. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. जेवताना त्याला वाढायला गेले तर हातात सासूबाईंचा हात असल्यासारखं वाटलं, आणि त्या तरी समोर उभं राहून विचारून मोकळ्या झाल्या होत्या. मी मागून, दुसऱ्याच्या तोंडून. कोण जास्त खोटं?

दसरा झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून, घोड्यावरून जेवढं जमेल तेवढंच, असं बजावून सोडलं. निघायच्या दिवशी सकाळी गाडी खाली उभी होती आणि अनिल दारात होता. तो पटकन निघणारा माणूस. त्या दिवशी त्यानं पासपोर्ट पुन्हा पाहिला, पाणी मागितलं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग सरळ उभा राहिला, बॅगेच्या दांड्याला धरून, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी ओळखलं. मोबाइल सुपात ठेवला होता तेव्हापासूनचं सगळं मला त्या एका नजरेत कळलं, आणि शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला, अगदी दातांपर्यंत. विचारलं असतं तर बॅग आत आली असती, मी चहा टाकला असता, पुढे तो चारचौघांत सांगत फिरला असता, आमची बायको म्हणजे! आणि हसला असता. मी त्याच्या हाताकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर विचारलं असतं. "या," म्हटलं. "येतो," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डोंगरात गेल्यावर फोन लागत नाही, खाली गावात उतरल्यावरच लागतो, हे सेजलनं सांगून ठेवलं होतं. मी वर्गात एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनीही मुकाट ऐकून घेतला. सासूबाईंचा वाडीतून निरोप, "काय कळलं का गो?" मी म्हणायचे, नाही, मजेत असतील. रस्त्यात मेंढरं दिसली, धनगरांची, घाट उतरून आलेली, तरी मी वाट बदलायचे. एका दुपारी आठवीच्या वर्गात असताना फोन वाजला, लांबलचक अनोळखी नंबर. मी व्हरांड्यात आले. आधी नुसता वारा ऐकू आला. मग श्वास. मग, "मीना." फोनवर तो मला नावानं कधी हाक मारत नाही.

"दिसला," तो म्हणाला. "समोरच्या उतारावर उभा होता. एकटा. काय जनावर गं... बाकितनं दुर्बीण दिली. अजून थोडंच वर जायचं होतं, घोडे खाली सोडून. मी पुढे झालो." वारा मध्येच आवाज खाऊन टाकत होता. "मग बाकित माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. आणि विचारलं." मी वर्गाचं दार ओढून घेतलं. "मराठीत विचारलं, मीना." "हो," मी म्हटलं. "तू शिकवलंस?" "हो." वर्गात मुलं गोंगाट करायला लागली होती. मी शिव्यांची वाट पाहत होते. हक्काच्या होत्या त्या माझ्या, मी घ्यायला तयार होते. तो म्हणाला, "आईनंही असंच हाताकडे पाहिलं होतं. तिला सांग, मला माहीत होतं म्हणावं. तेव्हाच माहीत होतं." मी विचारलं, "मग? वळलात ना?"

"वळलो की. विचारल्यावर कुणी पुढे जातं का?" तो म्हणाला. "पण त्याला कुठे ठाऊक आपली रीत, की उत्तर द्यायचं नसतं. तो बिचारा वाट बघत उभा होता बर्फात. म्हणून सांगितलं त्याला. घरी, म्हटलं."